पाणी नेमकं मुरतंय कुठं?

"वहिनी, समोरच्यांच्या पंख्यातून पाणी गळायलंय. बेडरूममधल्या."

शेजारच्या मामींनी कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली की समजायचं, कुकर उतरलाय आणि बातमी मोठी आहे. लहानसहान बातम्या त्या तुळशीला पाणी घालता घालताच सांगून टाकतात.

"पंख्यातून? म्हणजे वरनं थेट?"

"तेच तर. पंख्याच्या वर गच्चीत काहीच नाही. भेग नाही, पाइप नाही, फरशी ठणठणीत कोरडी. मी चढून बघून आले."

स्वतः बघितल्याशिवाय बोलायचं नाही हा मामींचा नियम. बघायला कुणी बोलावलंच पाहिजे, असा मात्र त्यांचा आग्रह नसतो.

आमची गल्ली कुकटपल्लीच्या हौसिंग बोर्ड कॉलनीतली. बोर्डानं बांधून दिलेली घरं मूळची लहान, एकमेकांना खेटून. पुढे पोरं मोठी झाली, जेएनटीयूच्या आणि कोचिंग क्लासच्या विद्यार्थ्यांना खोल्या हव्या झाल्या, मग सॉफ्टवेअरवाले आले, आणि घरावर घर चढत गेलं. सगळ्यात वर पेंटहाऊस. हैदराबादेत पेंटहाऊस म्हणजे गच्चीवरची भाड्याची खोली, पत्र्याची असली तरी! मामी नांदेडच्या. त्यांच्या आजोबांच्या वेळी, म्हणजे १९५६ च्या आधी, नांदेड निजामाच्या हैदराबाद राज्यातच होतं. त्यामुळे 'तुम्ही कुठून आलात?' असं कुणी विचारलं की मामी म्हणतात, "आम्ही कुठून येतोय? तुम्हीच आलात." मी रत्नागिरीची, लग्नानंतर इथं आलेली. समोरचे खम्ममकडचे. पाणी कुणाच्याही घरात गळो, त्याची चर्चा गल्लीत मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तिन्ही भाषांत होते.

"गेल्या वर्षी पण त्यांच्याकडे ओल होती ना?"

"होती की. तेव्हा आतून पुट्टी लावली. त्याच्या आदल्या वर्षी आतूनच कुठला तरी वॉटरप्रूफ रंग मारला. छत बघाल तर पापुद्रे सुटलेत, मधे पिवळा डाग, कडेला पांढरा लोणा. रोग हल्याला आणि औषध पखालीला!"

पाणी शिरतंय वरून आणि इलाज खालून, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. कारण सोपं आहे. डाग खाली दिसतो आणि पाहुणे पण खालीच बसतात. पण खालून बंद केलेलं पाणी परत जात नाही. ते स्लॅबमध्येच बसतं, आतली सळई गंजवतं आणि दुसऱ्या जागी तोंड काढतं. पंखा ही त्याची आवडती जागा. स्लॅब ओतताना विजेच्या तारांसाठी आत नळ्या टाकलेल्या असतात, त्यांतल्या बऱ्याच पंख्याच्या डबीशी येऊन मिळतात. कुठल्या तरी फटीतून शिरलेलं पाणी त्या नळीत उतरलं की खोलीभर फिरून पंख्याच्या दांड्यावरून खाली येतं. म्हणजे थेंब पडतो तिथं गळती असेलच असं नाही. बहुतेकदा नसतेच.

"एमसीबी पाडायला सांगितलंत ना?"

"आधी तेच. समोरच्या आंटी पंख्याखाली पातेलं ठेवायलेल्या, पंखा चालूच. मी दारातूनच ओरडले, 'आंटी, पहिले बटन नक्को, मेन बंद करो!' ओल्या तारेला हात लावून पातेलं कशाला सरकवायचं?"

यात मामींचं शंभर टक्के बरोबर. दिव्यातून किंवा पंख्यातून थेंब आला की बादली नंतर, वीज आधी.

मग अर्थातच गाडी माहेरावर गेली. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. हैदराबादला आठशेच्या आसपास. तरी आमच्या कौलारू घरात गळती हा प्रश्न कधी वर्षानुवर्षं चालला नाही. वैशाखात माणूस कौलं परतायला यायचा, फुटलेली बदलायचा, वानरांनी सरकवलेली नीट बसवायचा. पावसात एखादं सुटलंच तर माळ्यावरून वर बघायचं. कौलांत उजेडाचा ठिपका दिसला की तिथंच भोक. बांबूच्या टोकानं कौल सरकवलं, झालं. मुळात उतार एवढा की पाण्याला थांबायला सवडच नाही.

"आमचं माळवद होतं," मामी म्हणाल्या. "वर मातीचा हातभर थर. मृगाच्या आधी आजोबा पांढरी माती टाकून घ्यायचे. भर पावसात टपकायला लागलं की घोंगडं पांघरून वर जायचे आणि पायानं माती दाबायचे. तिथली माती फुगायची, भोक बंद व्हायचं. पण माळवदात पण पाणी लबाड बरं का वहिनी. तुळईवर उतरायचं आणि तिच्या कडेकडेनं पार देवघरापर्यंत जायचं."

ही गोष्ट महत्त्वाची. कौलात भोक दिसतं. काचेत फट दिसते. दिल्लीत २०२४ च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला नव्या संसदेच्या लॉबीत पाणी गळाल्याचं आणि खाली निळी बादली ठेवल्याचं चित्र देशभर फिरलं. इमारतीचं उद्‌घाटन होऊन सव्वा वर्षच झालेलं, त्यामुळे टवाळीही झाली. लोकसभा सचिवालयानं कारण सांगितलं ते असं, की लॉबीवरच्या काचेच्या घुमटातला चिकटवणारा पदार्थ थोडा सरकला होता. म्हणजे कारण लगेच सापडलं, कारण काच होती. सिमेंटच्या सपाट स्लॅबमध्ये हे सुख नाही. फट वर एकीकडे, थेंब खाली दुसरीकडे, आणि मधला प्रवास पोटात.

"त्यांची बादली पण सरकारी असेल," मामी म्हणाल्या. "आंटीचं पातेलं दुधाचं होतं."

इकडचा पाऊस वर्षाच्या हिशेबात थोडा, पण येतो तेव्हा शिस्तीत येत नाही. २४ ऑगस्ट २००० ला बेगमपेटला एका दिवसात २४ सेंटीमीटर पडला होता. २०२० च्या ऑक्टोबरात १३ तारखेच्या रात्री जो कोसळला तो अजून इथं कुणी विसरलेलं नाही. तेव्हा १९ सेंटीमीटर झाला, तोही नवरात्राच्या तोंडावर, पाऊस गेला म्हणून लोकांनी छत्र्या ठेवून दिल्यावर. आणि त्याच गच्च्या एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत भाजलेल्या असतात. आमचे हे बाळानगरला कारखान्यात होते, आता निवृत्त. त्यांनी दुधाच्या बिलाच्या पाठीमागे गणित करून दाखवलं. दहा मीटर लांबीचं सिमेंट-काँक्रीट तीस अंशांनी तापलं आणि निवलं तर साधारण तीन मिलिमीटर लांब-आखूड होतं. स्लॅब असा हलतो, त्यावर उभा कठडा निराळा हलतो, मग दोघांच्या सांध्यात केसाएवढी चीर पडते. पहिल्या पावसात तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. भाद्रपदापर्यंत ती चीर पुरेसं पाणी पिऊन घेते.

समोरच्यांकडे दुसऱ्या दिवशी केमिकलवाला आला. स्कूटरवर, मागं दोन डबे, हातात रंगीत पत्रक. गच्चीवर दोन मिनिटं फिरला आणि म्हणाला, "मेडम, पूरी छत पे तीन कोट मारेंगे. दस साल देखने का नक्को." कुठून गळतंय असं आंटींनी विचारलं तर म्हणाला, "कहीं से भी हो, बंद हो जाता."

मामींनी भिंतीवरूनच तोफ डागली. "कहीं से भी म्हणजे कुठून? डॉक्टर आधी कुठं दुखतंय ते विचारतो, हा थेट पलिस्तर घालायला निघाला."

मला केमिकल या वस्तूचा राग नाही. चांगली कोटिंग असतात आणि नीट लावली तर टिकतात. राग आहे तो न बघता लावण्याचा. ओल्या, शेवाळलेल्या, धूळ बसलेल्या गच्चीवर भर पावसाळ्यात मारलेला थर पहिल्या उन्हात फुगतो आणि पापडासारखा सुटतो. शिवाय खालच्या कोब्यात अडकलेलं पाणी झाकलं जातं ते वेगळंच. हल्ली पांढऱ्या 'कूल रूफ' रंगाचीही हवा आहे. तेलंगण सरकारचं त्याचं धोरणच आहे, २०२३ पासून. घर थंड राहतं, चांगलं आहे. पण ऊन परतवणारा रंग पाणीही अडवेल हे गृहीत धरायचं नाही. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं.

शेवटी मामींनीच त्यांचा मेस्त्री आणला. पालमूरचा, म्हणजे महबूबनगरकडचा. हे शहर बांधायला पालमूरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या येताहेत. सकाळी मजुरांच्या अड्ड्यावर डबा घेऊन उभी असतात त्यांत बरीच तिकडची. हा आता म्हातारा झालाय, अड्ड्यावर उभा राहत नाही. आला तो हातोडा-छिन्नी न घेता. खिशात पेन्सिल आणि खडू. आंटींना त्याचा पहिला प्रश्न, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळानं ठिबकतं?

आंटी म्हणाल्या, रात्री पडला की दुसऱ्या दिवशी दुपारी. पाऊस थांबला तरी पुढचा दिवसभर चालूच.

"मग सरळ भोक नाही अम्मा," मेस्त्री म्हणाला.

हे त्यानं कसं ओळखलं ते मामींनी त्याच्याकडून खोदून खोदून काढलं. पाऊस आला आणि लगेच धार लागली तर वाट मोकळी असते, पाइपच्या बाजूची फट किंवा उघडा तडा. तास-दोन तास लागले तर सांधा. आणि पाऊस थांबल्यावर सुरू होऊन रेंगाळत राहिलं तर पाणी कुठं तरी साठतंय. गच्चीवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. वरची फरशी वाऱ्या-उन्हानं कोरडी होते, पण कोबा पोटात पाणी धरून बसतो. मामींना गच्ची ठणठणीत कोरडी दिसली ती यामुळेच.

दुसरा प्रश्न, पाऊस नसताना गळतं का? नाही. म्हणजे टाकी सुटली. हा प्रश्न किती मोलाचा आहे ते मामींना विचारा. त्यांच्याकडे एकदा ऐन चैत्रात छताला ओल आली होती. आभाळात ढग नाही आणि खाली ठिबक! वरच्या टाकीचा बॉल-कॉक अडकला होता, ओव्हरफ्लोचं पाणी रोज पहाटे टाकीच्या चौथऱ्याखाली जात होतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे ओघळ टाकीवर उघड दिसत होते, पण सगळे छताकडे बघत होते.

मेस्त्रीनं मग आतल्या डागाभोवती पेन्सिलीनं रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. पुढच्या पावसानंतर डाग कुठल्या अंगाला वाढतो ते बघायचं. ज्या अंगाला वाढेल ती पाणी येण्याची दिशा असू शकते. छताला पेन्सिल लावायला पैसे पडत नाहीत. तरी हे कुणी करत नाही. सगळे फोटो काढतात, आणि फोटोवरून डाग वाढला की नाही यावर नवरा-बायकोचं भांडण होतं.

वर गेल्यावर त्यानं फरशीवर खडूनं वर्तुळं काढली. पाऊस थांबून उघडीप झाली की सगळ्यात शेवटी जिथलं पाणी वाळतं, तिथं उतार चुकलाय. गच्चीला शंभराला एक तरी उतार लागतो. म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच. ऐकायला किती थोडा! समोरच्यांच्या गच्चीचा उतार मधल्या पेंटहाऊसच्या बांधकामानं अडवला होता. मग नाण्यानं फरशा वाजवून बघितल्या. भरीव आणि पोकळ आवाज वेगळा कळतो. तीन-चार फरशा पोकळ वाजल्या.

मधल्या दिवसांत भिंतीवर आणखी दोन बातम्या आल्या.

एक, कोपऱ्यावरच्या घरातल्या भाडेकरू मुलीची. तिच्या स्वयंपाकघराची एक भिंत रोज सकाळी घामेजलेली, खालच्या बाजूला काळी बुरशी. घरमालक म्हणे बाथरूमचा पाइप फुटलाय, फरशी फोडा. मामींनी विचारलं, भिंतीच्या पलीकडे काय आहे? पलीकडे दुसऱ्या भाडेकरूची झोपायची खोली, तिथं रात्रभर एसी अठरावर. भिंत त्या अंगानं गार पडते आणि या अंगाला सकाळी इडलीची वाफ. श्रावण-भाद्रपदात हवाच मुळी दमट, त्यात ही वाफ, खिडकी बंद. गार भिंतीवर पाणी धरणारच. खात्री करायला मी त्या मुलीला एक युक्ती सांगितली. पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं चिकटवायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. कागदाच्या आपल्याकडच्या अंगाला थेंब आले तर पाणी खोलीतल्या हवेचं. कागदाच्या मागे ओल धरली तर भिंतीच्या आतलं. तिच्याकडे थेंब आपल्याकडच्या अंगाला होते. फरशी वाचली. आता ती इडली लावताना खिडकी उघडते आणि बुरशी पुसून काढते.

दुसरी बातमी मागच्या रस्त्यावरच्या अपार्टमेंटची. तिथं गळती छतात कमी आणि मीटिंगमध्ये जास्त. पाचव्या मजल्यावरचे म्हणतात, गच्ची सगळ्यांची, खर्च असोसिएशनचा. खालचे म्हणतात, तुमच्या डोक्यावर गळतंय, तुम्ही बघा. पहिल्या मजल्यावरचा एक तर म्हणाला म्हणे, "मैं तो कभी छत पे गयाच नहीं." मामींच्या मते यात पाचव्या मजल्याचं बरोबर आहे, आणि माझ्याही. इकडच्या १९८७ च्या अपार्टमेंट कायद्यात छप्पर सामायिक भागातच धरलंय. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीनं आपल्या खर्चानं दुरुस्त करायच्या कामांच्या यादीत आहे. गच्ची पाचव्या मजल्याची टोपी नव्हे. इमारत नवी असेल तर आणखी एक हत्यार आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. या अपार्टमेंटची पाच वर्षं केव्हाच उलटली, त्यामुळे आता मीटिंगच करायच्या.

इकडे मेस्त्रीनं समोरच्या गच्चीवर माती-सिमेंटचे बुटके बांध घालून तीन वाफे केले. पाण्याच्या नळीच्या तोंडाला गोणपाटाचा बोळा बसवला. एका वेळी एकच वाफा भरायचा, इंचभर. एक दिवस-रात्र ठेवायचा, आणि खाली कुणी तरी छताकडे बघत बसायचं. आमच्या ह्यांनी परत बिलाचा कागद काढला. दहा बाय दहा फुटांवर इंचभर पाणी म्हणजे सुमारे २३५ लिटर, वजन सव्वादोन क्विंटलच्या वर. मेस्त्री म्हणाला, म्हणूनच जुन्या स्लॅबवर इंचाच्या वर जायचं नाही, आणि जिथं सळ्या उघड्या पडून छताचे टवके पडतायत तिथं हा खेळच करायचा नाही, तिथं इंजिनियर बोलवायचा. आणखी एक. बोळा काढायला विसरायचं नाही. रात्री मोठा पाऊस आला तर गच्चीचं तळं होतं.

गल्लीत पैजा लागल्या. मामींचं म्हणणं कठड्याचा सांधा. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांचं म्हणणं डिशचं स्टँड, कारण ते बसवणाऱ्यानं स्लॅबमध्ये ड्रिलनं चार भोकं पाडून बोल्ट ठोकलेत आणि त्यांच्याभोवती काहीही लावलेलं नाही. हरणाऱ्यानं सगळ्यांना इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं.

कठड्याकडचा वाफा भरला. पंखा कोरडा. मामी गप्प.

डिशचा वाफा भरला. पंखा कोरडा. मास्तर म्हणाले, अजून थोडा वेळ ठेवा. ठेवला. तरी कोरडा.

तिसरा वाफा गच्चीच्या मागच्या कोपऱ्यातला, पंख्यापासून चांगला दहा-बारा फुटांवर. तिथं कुणाची पैज नव्हती. सकाळी भरला आणि रात्री आठच्या सुमारास आंटींनी खालून हाक मारली. पंख्याच्या दांड्यावरून पहिला थेंब उतरला होता.

मी आणि मामी दुसऱ्या दिवशी जाऊन त्या कोपऱ्यात वाकून बघितलं. पुढच्या मजल्यासाठी म्हणून खांबाच्या सळ्या वर सोडलेल्या असतात ना, तो खुंट. चार सळ्या कमरेएवढ्या उंच, टोकं वाकवलेली, एकीवर बिअरची रिकामी बाटली उपडी. बुडाशी कधी तरी ओतलेला काँक्रीटचा गोळा. लांबून भक्कम दिसतो. जवळून बघितलं तर प्रत्येक सळईच्या भोवती बांगडीसारखी गोल चीर, चिरेत तांबडा गंज, गंजाच्या कडेनं हिरवं शेवाळ, आणि एका चिरेतून पिंपळाचं दोन पानांचं रोप वर आलेलं. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं आणि भोवतीचं काँक्रीट फोडतं. मग पावसाचं पाणी सळईच्या अंगानं सरळ खाली, तुळईत, तिथून तारेच्या नळीत आणि नळीतून पंख्यात. त्यात तो कोपरा उतार चुकल्यामुळे सगळ्यात उशिरा वाळणारा. खडूचं सर्वांत मोठं वर्तुळ तिथंच होतं.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीतली निम्मी माणसं आपापल्या गच्चीवर खुंटांपुढे वाकलेली होती. कारण खुंट नाही अशी गच्चीच नाही. मामींच्या गच्चीवर सहा.

"पोरगा अमेरिकेतून आला की मजला चढवायचा म्हणून ठेवलेत," मामी म्हणाल्या. "पोरगा येत नाही. पाणी येतंय."

मेस्त्रीनं आंटींना सांगितलं ते असं. आत्ता फक्त रोप काढायचं, खुंटावर प्लॅस्टिक गुंडाळून घट्ट बांधायचं, बांध फोडायचे, नळीचं तोंड मोकळं करायचं. खालचं सुटलेलं प्लास्टर मात्र आजच पाडायचं, कुणाच्या डोक्यात पडायच्या आधी. बाकीचं काम दिवाळीनंतर, गच्ची पोटातून वाळल्यावर. तेव्हा काँक्रीटचा गोळा फोडून सळ्या ब्रशनं घासायच्या, गंज थांबवणारा लेप द्यायचा, चिरा उकरून पॉलिमरच्या मसाल्यानं भरायच्या, वर पाणी बाहेर टाकणारी उतरती टोपी करायची. मजला चढवायचाच नसेल तर सळ्या कापून टाकाव्यात. पोकळ वाजणाऱ्या फरशा काढून तेवढ्या भागाचा उतार सुधारायचा. कठड्याच्या बुडाशी सगळीकडे गोल वाटा करायचा, म्हणजे कोपरा मसाल्यानं गोलसर भरायचा, आणि कोटिंग करायचंच असेल तर ते कठड्यावर निदान वीतभर चढवायचं. मग परत एकदा पाणी भरून बघायचं आणि मगच उरलेले पैसे द्यायचे. आतला रंग सगळ्यात शेवटी, छत पुरतं वाळल्यावर.

आंटींना ही शेवटची अट फार आवडली. मेस्त्रीनं ती स्वतःच घातली याचं आम्हाला आश्चर्य वाटलं. तो म्हणाला, पाणी भरून दाखवायला जो तयार नाही त्याला काम देऊच नका.

आपल्याकडे गच्चीची आठवण मेमध्ये होते, मृगाच्या तोंडावर. तेव्हा मेस्त्री मिळत नाही, मिळाला तर घाईत, आणि गळती कुठून आहे ते त्या कोरड्या महिन्यात कुणालाच दिसत नाही. म्हणून सगळ्या गच्चीला डबे ओतायचे. माझं मत विचाराल तर गळती शोधायची पावसाळ्यात आणि बुजवायची दिवाळी ते संक्रांत या कोरड्या दिवसांत. उन्हाळ्यात केलंत तरी चालेल, पण मग संध्याकाळी करा. दुपारच्या उन्हात मसाला पाणी सोडून वाळतो आणि त्यालाच चिरा पडतात.

पैज कुणीच जिंकलं नाही, त्यामुळे चहा कुणी द्यायचा हा वाद अजून चालू आहे. मास्तरांचं म्हणणं, मेस्त्री जिंकला, तर त्याला द्यावा. मामी म्हणतात, त्याला मजुरीच वेळेवर द्या, चहा तो स्वतः पिईल.

हस्ताचा पाऊस अजून यायचाय, आणि इकडे तो २०२० सारखा आला तर रात्रीत येतो. तेव्हा एवढं करा. आज ऊन आहे तोवर गच्चीवर जा, पाण्याच्या नळीच्या तोंडाशी अडकलेली पानं आणि पिशव्या काढा, खुंट असतील तर त्यांच्या बुडाशी वाकून बघा, आणि पेन्सिल घेऊन छतावरच्या डागाला तारीख घाला.